बॅटरीला जोडीचा चार्जर कसा निवडावा?

दुकानात, कारखान्यात किंवा गाडीवर बॅटरी वापरणाऱ्या आमच्या बांधवांची एक तक्रार नेहमी कानावर येते. बॅटरी नामांकित कंपनीची घेतली, पैसे पुरते मोजले, वॉरंटीचे कार्डही जपून ठेवले; तरी वर्ष-दीड वर्षात तिने दम सोडला. मग दोष कंपनीला दिला जातो, विकणाऱ्याला दिला जातो, नशिबालाही दिला जातो. चार्जरकडे मात्र कोणी पाहत नाही. वस्तुतः पुष्कळ बॅटऱ्या चुकीच्या चार्जिंगमुळे वेळेआधी निकामी होतात. शिलाईच्या दुकानातील एक १५० एएचची बॅटरी घेताना कारागिराच्या महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा जातो. ई-रिक्षावाल्याला तर अशा चार बॅटऱ्या एकदम बदलाव्या लागतात आणि अनेकदा जुन्यांचे देणे फिटायच्या आतच नव्या घ्यायची पाळी येते. म्हणून या लेखात आपण चार्जर कसा निवडावा आणि घेतलेला चार्जर बरोबर काम करतो की नाही हे कसे ओळखावे, याचा विचार करू.

प्रथम बॅटरी कोणती ते पाहावे. मोटारीच्या बॅटरीचे काम इंजिन सुरू करण्याचे. ती काही सेकंद शेकडो अँपिअरचा धक्का देते आणि लगेच गाडीचा अल्टरनेटर तिला पुन्हा भरतो. म्हणून तिच्या प्लेटा पातळ व संख्येने जास्त असतात. आपल्याला दुकानासाठी, रिक्षासाठी किंवा सौर दिव्यांसाठी हवी असते ती डीप-सायकल बॅटरी, म्हणजे थोडा थोडा करंट तासन्‌तास देणारी व रोज खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरणारी. तिच्या प्लेटा जाड असतात. आपल्याकडे मिळणारी उंच ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. मोटारीची बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून इन्व्हर्टरला जोडणे हा खोटा फायदा आहे, आणि मोटारीच्या बॅटरीसाठी केलेला छोटा चार्जर ट्युब्युलरला लावणे हा त्याहून खोटा.

हा छोटा चार्जर नुकसान कसे करतो ते समजून घेतले पाहिजे. बॅटरी रिकामी होते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमते. चार्जिंग केले की ते पुन्हा विरघळते. परंतु बॅटरी अर्धवट भरून तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरली, पुन्हा अर्धवट भरली, तर न विरघळलेले सल्फेट हळूहळू कडक होत जाते. दुधाच्या भांड्याला लागलेली खरवड लगेच धुतली तर निघते, आठवडाभर ठेवली तर तासावी लागते, तसेच हे आहे. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. आज तीन तास चालणारी बॅटरी सहा महिन्यांनी दीड तासावर येते. मिस्त्री सांगतो, ‘भाई, सेल गेला.’ परंतु त्या सेलला पोटभर मिळालेलेच नसते.

किती अँपिअरचा घ्यावा?

सर्वसाधारण हिशेब असा की साध्या ॲसिडच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या हिश्शाइतका करंट द्यावा. १०० एएचला १० अँपिअर, १५० एएचला १५, २०० एएचला २०. थोडे वर-खाली चालते. ४ अँपिअरचा चार्जर १५० एएचला लावला तर भरायला दोन दिवसही कमी पडतील. उलट ४० अँपिअर ढकलले तर ॲसिड तापेल आणि प्लेटांवरील माल झडून तळाला बसेल. चार्जिंगच्या वेळी बॅटरीची बाजू हाताला सोसवत नाही इतकी गरम लागली तर चार्जिंग थांबवून ती निवू द्यावी.

हा नियम बहुतेकांना माहीत असतो. पण आमच्या मते दहाव्या हिश्शाच्या अगोदर दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : चार्जिंगला रोज वीज किती तास मिळते?

एक शिलाईचे दुकान घ्या. दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि मशीनच्या दोन मोटारी मिळून ३०० वॅटचा भार धरू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे २५ अँपिअर होतात. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते ती धरून ३०. दिवसात दोन तास वीज गेली तर बॅटरीतून ६० एएच खर्च झाले. जेवढे काढले तेवढेच परत घालून भागत नाही, पंधरा-वीस टक्के जास्त घालावे लागतात. म्हणजे सुमारे ७० एएच. १५ अँपिअरच्या चार्जरला यासाठी कागदावर पाच तासांच्या आत वेळ लागतो. परंतु शेवटचा भाग हळू भरतो, त्याचे आणखी दोन-तीन तास धरावेत. एकूण सात-आठ तास. दुकान सकाळी १० ते रात्री ९ उघडे असेल तर अकरांतून दोन तास वजा जाऊन नऊ उरतात. भागले.

आता वीज दोनऐवजी चार तास जाते असे धरा. खर्च १२० एएच झाला, म्हणजे बॅटरी ८० टक्के रिकामी झाली. परत घालायचे १४० एएच. १५ अँपिअरने नऊ-साडेनऊ तास आणि शेवटचे तीन धरून बारा तासांच्या वर. हाताशी मात्र सातच तास आहेत, कारण आपल्यापैकी बहुतेक दुकानदार आगीच्या भीतीने रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करतात आणि त्याबरोबर चार्जरही बंद होतो. ही बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. २० अँपिअरचा चार्जर आणला तरी दहा तास हवेत. अशा ठिकाणी इलेक्ट्रिशियनकडून चार्जरसाठी स्वतंत्र एमसीबीची वेगळी लाइन काढून घ्यावी, म्हणजे दुकानाची बाकी वीज बंद करूनही चार्जर चालू राहील. मात्र बॅटरीची जागा हवेशीर पाहिजे आणि तिच्याजवळ कापडाचे गठ्ठे नकोत. हे शक्य नसेल तर बॅटरी मोठी घ्यावी किंवा भार कमी करावा. ही अडचण चार्जर बदलून सुटणारी नाही, आणि विकणारा हे सांगेलच असे नाही.

कुठवर भरतो आणि मग काय करतो?

चार्जरच्या खोक्यावर ‘फुल ऑटोमॅटिक’ असे ठळक छापलेले असते. या दोन शब्दांना आम्ही काडीची किंमत देत नाही. पाहायचे ते तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात चार्जरने आपला पूर्ण करंट द्यावा आणि बॅटरीचे व्होल्टेज चढत जावे. साध्या ॲसिडच्या १२ व्होल्ट बॅटरीत ते १४.४ व्होल्टवर, म्हणजे दर सेलला २.४ व्होल्टवर आले की दुसरा टप्पा सुरू होतो. व्होल्टेज तेथेच धरून ठेवायचे आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. तिसऱ्या टप्प्यात व्होल्टेज १३.५ ते १३.८ पर्यंत खाली आणून बॅटरी नुसती भरलेली राखायची. याला फ्लोट म्हणतात.

बाजारातील अनेक स्वस्त चार्जर १४.४ ला टेकले की दिवा हिरवा करतात आणि बंद पडतात. ग्राहक खूश होतो, लवकर भरली म्हणून. पण १४.४ ला टेकते तेव्हा बॅटरी सुमारे ८० टक्केच भरलेली असते. उरलेले २० टक्के त्या दुसऱ्या टप्प्यात, दोन-चार तासांत भरतात. रोज ते २० टक्के बाकी राहिले की वर सांगितलेली खरवड धरू लागते. दुसऱ्या जातीचे चार्जर थेट १३.८ वरच थांबतात. वर्षातून क्वचित लागणाऱ्या बॅटरीला तेवढे पुरते. वीज फारशी न जाणाऱ्या भागात मशिदीच्या ध्वनिक्षेपकासाठी ठेवलेली बॅटरी १३.५-१३.८ वर वर्षानुवर्षे सुखाने राहील. रोज रिकामी होणाऱ्या बॅटरीला मात्र ते पुरत नाही. उंच ट्युब्युलरमध्ये तर आणखी एक अडचण येते. जड ॲसिड तळाशी बसते आणि वर पातळ राहते. १४.४ ला पोहोचल्यावर जे बुडबुडे येतात तेच हे ॲसिड ढवळतात. म्हणून बुडबुड्यांना घाबरून चार्जर बंद करू नये. तासन्‌तास खदखदून उकळणे मात्र वाईट.

हे आकडे साध्या ॲसिडच्या बॅटरीचे झाले. बंद डब्याच्या, पाणी न घालण्याच्या बॅटरीला कंपनीने छापलेलाच आकडा पाळावा. हातगाडीवर दिव्यांसाठी वापरतात ती ७ एएचची छोटी बॅटरी उलटून पाहा. तिच्या अंगावर बहुधा दोन ओळी असतात : सायकल वापरासाठी १४.४ ते १५ व्होल्टच्या दरम्यानचा आकडा, स्टँडबाय वापरासाठी १३.५ ते १३.८, आणि सुरुवातीचा करंट जास्तीत जास्त सुमारे २ अँपिअर. रोज संध्याकाळी दिवे लावणाऱ्याने पहिली ओळ धरावी. अशी बॅटरी उकळली तर तिच्यातील पाणी कायमचे गेले, कारण वरून घालण्याची सोय नाही. जेल बॅटरीला तर साध्या बॅटरीपेक्षा कमी व्होल्टेज लागते. ज्या चार्जरला किंवा इन्व्हर्टरला फ्लॅट, ट्युब्युलर आणि बंद बॅटरी यांसाठी वेगवेगळ्या जागांचा स्विच आहे, तो दोन पैसे जास्त देऊन घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरमध्ये चार्जर आतच असतो आणि हा स्विच पुष्कळदा मागच्या बाजूला असतो. बसवणारा मुलगा घाईत त्याला हात न लावता निघून जातो. आजच जाऊन तो पाहावा.

लिथियम बॅटरीचा चार्जर लेड-ॲसिडला लावू नये. त्याच्या टप्प्यांची रीत वेगळी असते आणि फ्लोट बहुधा नसतोच. सौर पॅनेल असेल तर चार्ज कंट्रोलर हाच आपला चार्जर. त्याच्यावरही बॅटरीची जात निवडायची सोय असते. १५० एएचला सुमारे २५० ते ३०० वॅटचे पॅनेल हवे. १०० वॅटच्या एकाच पॅनेलवर रोज वापरायची मोठी बॅटरी जगवता येत नाही.

लाइनचे व्होल्टेज

आपल्याकडच्या जुन्या चार्जरमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि पुढे फिरवायचे बटण असते. वजनाला तो भारी, म्हणून भारी तोच चांगला अशी समजूत पडली आहे. दणकट तो आहेच. पाण्यापावसात वर्षानुवर्षे चालतो. पण लाइनचे व्होल्टेज जसे हलते तसे त्याचे आउटपुट हलते. २३० व्होल्टला १४.४ देणारा चार्जर, दिवसा कारखाने चालू असताना लाइन १९० वर आली की १२ व्होल्टच्याही खाली उतरतो आणि चार्जिंग जवळजवळ थांबते. रात्री यंत्रे बंद झाल्यावर लाइन २५० वर चढली की तोच चार्जर साडेपंधरा व्होल्टच्या पुढे जाऊन सकाळपर्यंत बॅटरी उकळत राहतो. म्हणजे एकाच चोवीस तासांत बॅटरी उपाशीही राहिली आणि जळालीही. यंत्रमागाच्या गावांत, जेथे शेकडो मोटारी एकाच वेळी चालू-बंद होतात, तेथे हा फरक मीटर लावून कोणालाही पाहता येईल.

नव्या पद्धतीचा एसएमपीएस चार्जर वजनाला हलका असतो आणि लाइन बरीच खाली-वर झाली तरी आउटपुट धरून ठेवतो. त्याच्या पाटीवर इनपुटचा पल्ला लिहिलेला असतो. जेवढा रुंद तेवढा बरा. सुताच्या व लाकडाच्या भुशाने मात्र त्याचा पंखा चोंदतो. कारखान्यात तो उंचावर टांगावा आणि महिन्यातून एकदा बंद करून ब्रशने झाडावा.

उन्हाचाही हिशेब आहे. वरचे आकडे साधारण २५ अंश तापमानाचे आहेत. बॅटरी गरम असेल तर व्होल्टेज कमी हवे. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे २४ मिलिव्होल्ट. पत्र्याच्या छपराखाली ४० अंशांत १४.४ ऐवजी सुमारे १४ व्होल्ट पुरतात. काही चार्जरना तापमान पाहणारी वायर असते, ती बॅटरीच्या अंगाला चिकटवायची. रिक्षावाल्यांनी व उन्हात काम करणाऱ्यांनी ही सोय असलेला चार्जर घ्यावा.

ई-रिक्षाच्या चार बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असतात. ४८ व्होल्टच्या चार्जरला दिसते ती फक्त चौघींची बेरीज : १४.४ गुणिले ४, म्हणजे ५७.६. कोणती उपाशी आहे ते त्याला कळत नाही. चार्जिंग संपत आले की चारही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावावा. प्रत्येकीवर १४.४ च्या आसपास दिसले तर ठीक. एकीवर १३.६ आणि दुसरीवर १५.२ असेल तर बेरीज बरोबर असूनही एक भरत नाही आणि दुसरी उकळते आहे. कमी दाखवणारी एकटी काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरून पाहावी. मग जमली तर जमली. तीन जुन्यांत एक नवी घालण्याचा सल्ला पुष्कळ मिस्त्री देतात. त्याने काही आठवडे निभतात, पण नवीलाही जुन्यांच्या चालीने चालावे लागते. पैसे जमेपर्यंतची तडजोड म्हणून कोणी हे केले तर आम्ही नावे ठेवणार नाही. दुरुस्ती मात्र तिला म्हणू नये.

चार्जर तपासून कसा घ्यावा?

एक साधा मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर एवढी सामग्री पुरते. दोन्ही मिळून बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाहीत. करंट मोजायचा तर डी.सी.वर चालणारा क्लॅम्प मीटर लागतो. साधे क्लॅम्प मीटर फक्त ए.सी. मोजते, आणि हातातल्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअरच असते. त्यातून १५ सोडले तर त्याचा फ्यूज उडेल. बॅटरीवाल्याकडून क्लॅम्प घडीभर मागून घ्यावा.

चार्जर घ्यायला जाताना अर्धी रिकामी बॅटरी बरोबर न्यावी किंवा दुकानदाराकडची लावून मागावी. पाटीवर १५ अँपिअर लिहिले आहे तर सुरुवातीला मीटरवर त्याच्या जवळपास दिसले पाहिजेत. १५ लिहून ९ देणारे चार्जर बाजारात आहेत. वजनात मारणे आणि अँपिअरमध्ये मारणे यांत आम्हाला फरक दिसत नाही. पुढचे टप्पे घरीच पाहावे लागतात. म्हणून बिलावर ‘व्होल्टेज बरोबर न आल्यास आठ दिवसांत परत’ असे लिहून घ्यावे. घरी तासा-तासाला व्होल्टेज लिहावे. १४.४ ला पोहोचल्यावर ते दोन-तीन तास तेथे टिकते काय, करंट उतरतो काय, आणि शेवटी १३.५-१३.८ वर येते काय. या तीनही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तर चार्जर ठेवावा.

बॅटरी पूर्ण भरली की नाही याचा खरा साक्षीदार हायड्रोमीटर. ट्युब्युलर बॅटरीची ग्रॅव्हिटी पूर्ण भरल्यावर साधारण १.२४० येते. तासा-तासाने तीनदा मोजून ती तेवढीच राहिली तर बॅटरी भरली. येथे एक घोटाळा नेहमी होतो. मोटारीच्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२८० पर्यंत असते आणि ती भरून चार-सहा तास स्वस्थ ठेवल्यावर १२.७ व्होल्ट दाखवते. तोच आकडा लोक ट्युब्युलरला लावतात आणि १२.५ दिसले की ‘भरत नाही’ म्हणून आणखी उकळतात. हिशेब सोपा आहे : ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचे व्होल्टेज मिळेल. १.२४० मध्ये ०.८४ मिळवून २.०८, सहा सेलचे १२.४८. म्हणजे विश्रांतीनंतर साडेबारा दाखवणारी ट्युब्युलर पूर्ण भरलेली आहे. ग्रॅव्हिटी १.१८० म्हणजे १२.१, तेव्हा ती जवळपास निम्मी रिकामी झाली असे समजावे. शक्यतो याच्या खाली रोज उतरवू नये. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून वरून ॲसिड ओतणाऱ्या मिस्त्रीला मात्र हात लावू देऊ नये. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच, आणि तेही चार्जिंग झाल्यावर. चार्जिंगपूर्वी प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढेच आधी घालावे.

हे पाणीसुद्धा चार्जरबद्दल पुष्कळ सांगते. दर पंधरा दिवसांनी पाणी घालावे लागत असेल तर चार्जरचे व्होल्टेज जास्त आहे. सहा-आठ महिने पाणी हललेच नाही आणि बॅकअप मात्र घटला, तर व्होल्टेज कमी आहे किंवा तास कमी पडतात. सहापैकी एकाच सेलचे पाणी भराभर उतरत असेल तर दोष चार्जरचा नसून त्या सेलचा आहे. बुचांजवळ तारीख व घातलेले पाणी खडूने लिहून ठेवण्याची सवय लावली तर वॉरंटीच्या वेळीही बोलायला आधार राहतो.

जोडणीबद्दल थोडे. आधी चिमटे बॅटरीला लावावेत, प्लसला प्लस व मायनसला मायनस, आणि मग चार्जरचा स्विच चालू करावा. काढताना आधी स्विच बंद करावा. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. बॅटरीजवळ विडी, वेल्डिंग, उदबत्ती काहीच नको. खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि वरची फट बुजवू नये, कारण हा वायू हलका असल्याने छताशी साठतो. ॲसिड डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे.

चार्जरबरोबर आलेल्या बारीक वायरी लांबवू नयेत. १५ अँपिअरला बारीक वायर दहा फूट ओढली तर चार्जर १४.४ देत असूनही बॅटरीपाशी १४ च पोहोचतात, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब तेवढ्याने चुकतो. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते चार्जरच्या तोंडाशी मोजू नये. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवाव्यात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा, मात्र हे पाणी बुचांतून आत जाता कामा नये. मग कोरडे करून व्हॅसलिन लावावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे बिलात वजा करून मागता येतात.